आता मी पुस्तक विकते

ख्रिस्ती लेखकानं स्वतःचं पुस्तक विकायला बाहेर पडू नये, असं मी कित्येक वर्षं ठामपणे मानत होते. लिहावं, छापावं, चार जाणत्या माणसांच्या हाती द्यावं आणि बाजूला व्हावं. ज्याला त्याची गरज आहे त्याच्यापर्यंत देव ते पोचवील, अशी माझी धारणा होती. आज मी पुस्तकं विकते. माझं विकते, आणि त्याहून जास्त दुसऱ्यांची विकते. कुणाला काय सांगितलं, किती प्रती गेल्या, किती पैसे आले, हे दर महिन्याला आणखी तिघांपुढे मांडते आणि त्यांनाही तेच विचारते. हा बदल कसा झाला ते लिहावंसं वाटतं. विक्रीपासून मी ज्या कारणांनी लांब राहिले ती कारणं मला आजही हलकी वाटत नाहीत.

पहिलं कारण घरातलं. माझी आई वाशीमच्या रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटलात नर्स होती. उजव्या हातानं केलेलं डाव्याला कळू देऊ नये, ही प्रभूची शिकवण तिनं कधी बोलून दाखवली नाही, तशी ती वागली. रात्रपाळीत कुणाला वाचवलं, कुणाच्या उशाशी बसून राहिली, हे आम्हाला तिच्याकडून कळलंच नाही. गावोगावची माणसं भेटली की त्यांच्याकडून कळायचं. अशा आईवर लिहिलेलं पुस्तक घेऊन ‘घ्या हो’ म्हणत फिरायचं, हे मला तिच्या स्वभावाच्या विरुद्ध वाटायचं.

दुसरं कारण सवयीचं. बुलढाणा, चिखली, मेहकर, वाशीम या पट्ट्यात चर्च ऑफ नाझरीनचं मिशन गेल्या शतकापासून काम करत आलं. आमच्या घरी जे ख्रिस्ती छापील साहित्य यायचं ते वाटलेलं असायचं: पत्रिका, शुभवर्तमानाच्या लहान प्रती, नाताळाच्या सुमारास भिंतीवरचं कॅलेंडर. देवाच्या गोष्टीला किंमत लावायची नसते, हे असं नकळत मनात बसलं.

तिसरं कारण भीतीचं, आणि ते मी कुणाला सांगत नव्हते. दुसरबीड हे सिंदखेडराजा तालुक्यातलं, मेहकरच्या रस्त्यावरचं गाव. इथं ख्रिस्ती घरं थोडी. मी आयुष्यभर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, सगळ्या घरांतली लेकरं माझ्या हाताखालून गेली. तीच बाई पिशवीत ख्रिस्ती पुस्तकं घेऊन दारात आली तर लोक काय समजतील? धर्म पसरवायला आली, असंच ना? ज्या गावानं मला इतकी वर्षं ‘आमच्या बाई’ म्हटलं त्या गावाच्या मनात किंतू यावा, हे मला नको होतं.

निवृत्तीनंतर आईच्या नर्सपणाच्या आठवणींचं पुस्तक मी स्वखर्चानं छापलं. पाचशे प्रती आल्या. जवळच्यांना भेट दिल्या. सगळ्यांनी कौतुक केलं, मुखपृष्ठावरचा आईचा फोटो पाहून डोळेही पुसले. वाचलं मात्र फारच थोड्यांनी. उरलेले गठ्ठे दिवाणाखाली राहिले. मला त्याचं वाईट वाटत होतं, पण त्यालाच मी नम्रता म्हणत होते.

आमच्यासारख्यांच्या पुस्तकांची बाजारातली स्थिती सांगायला हवी. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांची संख्या सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे राज्याच्या एक टक्क्यालाही थोडी कमी. त्यातले कितीतरी जण घरी कोकणी, मल्याळम किंवा इंग्रजी बोलतात आणि वाचतात. उरलेला मराठी वाचक वसईपासून विदर्भापर्यंत विखुरलेला. दुकानदार तीस-चाळीस टक्के कमिशन घेतो, आणि आमचं पुस्तक त्याच्या फळीवर कुठं ठेवायचं हे त्यालाही समजत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं छापील पुस्तकांची स्वस्त रजिस्टर सेवा बंद केली, तेव्हा पुस्तकाच्या किमतीला टपालखर्च भिडायला लागला. १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झाली आणि तीनशे ग्रॅमपर्यंतचं पुस्तक वीस रुपयांपासून जाऊ लागलं, एवढा आधार मिळाला. पण टपाल पुस्तक पोचवतं. ते मागवावंसं वाटायला कुणीतरी त्याबद्दल आधी सांगावं लागतं. ते कुणी सांगायचं, हा प्रश्न तसाच होता.

माझं मन पहिल्यांदा हललं ते पुस्तकांमुळे नाही, बचत गटामुळे. गल्लीतल्या बायकांच्या गटाची वही मी लिहायचे. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि चोख हिशेब ही पंचसूत्री त्या बायकांना पाठ होती. एखादीकडे पैसे नसले तर बाकीच्या सांभाळून घेत. बैठकीला दांडी मारली तर मात्र घरी जाऊन विचारत. ‘पैसे नसले तर नसू दे, पन मीटिंगले यावंच लागते,’ असं एक जण सरळ म्हणायची. आणि मी हेही पाहिलं की तालुक्याच्या प्रदर्शनात ज्या बाईचं स्वतःच्या पापडांबद्दल तोंड उघडत नसे, ती शेजारणीच्या शेवयांबद्दल तासभर बोलायची. ‘हिच्या हातच्या मी घरी खाल्ल्यात, म्हणून सांगते.’ त्या बोलण्यात खोटं काही नव्हतं, आढ्यता नव्हती, आणि शेवया विकल्या जात होत्या. स्वतःबद्दल गप्प राहण्याचा जो संकोच मी मोठ्या श्रद्धेनं जपत होते, तो त्या बाईलाही होता. फरक इतकाच की तिच्याबद्दल बोलणारी दुसरी बाई शेजारीच उभी होती, आणि संध्याकाळी दोघींनाही गटापुढे हिशेब द्यायचा होता.

मग मी आपल्याच मराठी ख्रिस्ती लेखकांकडे या नजरेनं पाहू लागले. पंडिता रमाबाईंचं ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ १८८७ साली फिलाडेल्फियात निघालं. त्याची प्रस्तावना लिहिली तिथल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाच्या डीन रेचल बॉडली यांनी, म्हणजे आनंदीबाई जोशी ज्या कॉलेजात शिकल्या त्याच कॉलेजच्या प्रमुखांनी. रमाबाई पुस्तक लिहून बाजूला झाल्या नाहीत. गावोगाव व्याख्यानं दिली, पुस्तक विकलं आणि ते उत्पन्न विधवांच्या शाळेसाठी लावलं. त्याच वर्षी बोस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. तिच्या सभासदांनी दहा वर्षं दरसाल वर्गणी द्यायची आणि काम कसं चाललं आहे याचा अहवाल घ्यायचा, असं ठरलं. त्यातून ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं. तो हिशेब नुसता पैशांचा नव्हता. सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता पाळण्याचा शब्द दिलेला होता, आणि त्यावरून वाद पेटला तेव्हा १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाजू कुणाची बरोबर, यावर मतं वेगळी असतील. मला त्यातून एवढं घेण्यासारखं वाटतं की शब्द दिला की त्याबद्दल विचारणारे येणार, आणि विचारणाऱ्यांना आपणच जागा करून द्यायची असते.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागानं पुस्तकरूपात आलं. त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी आईच्या मागे लागून त्या आठवणी लिहवून घेतल्या, ‘संजीवनी’ मासिकातून छापल्या. पुढचा मजकूर मागणारं कुणी घरातच बसलेलं नसतं तर मराठीतलं हे आत्मचरित्र आपल्या हाती आलं असतं का, असा प्रश्न मला पडतो. अंगी कितीही गुण असला तरी ‘पुढचं कुठंय?’ असं विचारणारं माणूस लागतं.

आणि ज्या परंपरेत मी वाढले तिच्या मुळाशीही हेच सापडलं. नाझरीन मंडळी जॉन वेस्लींच्या परंपरेतली. १७४२ साली ब्रिस्टलच्या प्रार्थनामंदिरावर कर्ज होतं. फॉय नावाच्या एका कप्तानानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांचं काय, असं कुणी विचारलं तेव्हा तो म्हणाला, माझ्याकडे अकरा जण सोपवा. ते देऊ शकले नाहीत तर त्यांचं मी भरीन. दर आठवड्याला घरोघर पेनी गोळा करायला जाणाऱ्यांना माणसांची खरी स्थिती दिसू लागली: कोण आजारी आहे, कोण दारू प्यायला लागलं आहे, कुणाचं भांडण विकोपाला गेलं आहे. वेस्लींना त्यात मोठी गोष्ट दिसली, आणि कर्जवसुलीतून मेथडिस्टांच्या ‘क्लास मीटिंग’ उभ्या राहिल्या, जिथं बारा-बारा माणसं एकमेकांना आपल्या आत्म्याची स्थिती सांगत. पैशांचा हिशेब आणि मनाचा हिशेब तिथं एकाच दारातून आत आले. पैशांना हात लावला की अध्यात्म विटाळतं, हा माझा समज मिशनच्या शिकवणीतून आलेला नव्हता.

चौघांचं मंडळ यातूनच जमलं. चिखलीकडचे एक निवृत्त पाळक, ज्यांची रोजच्या मननाची पुस्तिका आहे. मेहकरचा एक तरुण, झेरॉक्सच्या दुकानात काम करतो, कविता लिहितो. वाशीमच्या एक नर्स, मुलांसाठी बायबलमधल्या गोष्टी लिहितात. आणि मी. ते मला ‘बाई’ म्हणतात, नर्सला ‘सिस्टर’, पाळकांना ‘पास्टर’. महिन्यातून एकदा मेहकरला बसतो. पावसापाण्यात जमलं नाही तर फोनवर.

माझ्या मनात सुरुवातीला खळखळ होती. ‘एकमेकांना साहाय्य करू’ या शब्दांवर आमच्या भागातल्या माणसाचा पटकन विश्वास बसत नाही. दुसरबीडनं जिजामाता सहकारी साखर कारखान्याची धुराडी धूर सोडताना पाहिली आणि ती थंड झालेलीही पाहिली. त्यामुळे मी एकच अट घातली: वही पहिल्या दिवसापासून असेल आणि ती चौघंही वाचतील.

वहीत प्रत्येक महिन्याला पाच गोष्टी लिहिल्या जातात. दुसऱ्याचं पुस्तक पूर्ण वाचलं का? कुणाला सांगितलं आणि नेमकं काय सांगितलं? किती प्रती गेल्या, रोख किती आणि फोनवरून किती? गेल्या वेळी जे करीन म्हटलं होतं ते झालं का, नसेल तर का? आणि शेवटचं, स्वतःचं नवं लिहिणं चालू आहे का? पाचवा प्रश्न सिस्टरनं घालायला लावला. विकण्याच्या नादात लिहिणं सुटलं तर आपण दुकानदार होऊ, असं त्या म्हणाल्या, आणि ते बरोबरच होतं.

या मंडळाचा खरा कस लागला तो कवीच्या संग्रहावर. पास्टरनी बैठकीत सांगितलं की पहिल्या वीस पानांतल्या कविता घाईच्या आहेत, त्या मी कुणाला वाच म्हणणार नाही. मुलगा दुखावला. पुढचे काही महिने आला नाही. आम्ही फोन करत राहिलो, पण पास्टरनी आपलं मत मागे घेतलं नाही आणि आम्हीही त्यांना ‘कशाला बोललात’ म्हटलं नाही. तो परत आला तेव्हा कविता बदलून आणल्या नव्हत्या. आजही पास्टर तो संग्रह विकतात आणि घेणाऱ्याला म्हणतात, ‘विसाव्या पानानंतर सुरू करा.’ गंमत वाटावी असं हे वाक्य, पण मी पाहते की त्यांच्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवतात. जो माणूस काय आवडलं नाही ते सांगतो, त्याच्या ‘आवडलं’ला वजन येतं.

माझीही पाळी आली. महिन्यामागून महिने माझ्या नावापुढे दुसऱ्यांच्या प्रती भरत होत्या, पण माझ्या स्वतःच्या पुस्तकाबद्दल मी कुणाशी एक शब्दही बोलले नव्हते. कारण विचारलं तेव्हा मी आईच्या स्वभावाचं सांगितलं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, ‘बाई, तुमच्या आईनं ज्यांची बाळंतपणं केली त्यांच्या नातवंडांना असं पुस्तक आहे हे माहीतच नाही. ही नम्रता कुणाच्या उपयोगाची?’ मला उत्तर सुचलं नाही. आईनं स्वतःबद्दल मौन पाळलं, ते तिचं व्रत होतं. तिच्याबद्दल मी मौन पाळावं, असं तिनं कुठं सांगितलं होतं? ती ज्यांच्यासाठी जागली त्यांची ती गोष्ट होती, आणि मी ती दिवाणाखाली ठेवली होती. माझं मन त्या दिवशी पुरतं बदललं.

राहिली भीती. ती आधी सैल झाली एका उत्सवात. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊ जन्मोत्सव भरतो. जिजाऊ सृष्टीवर लाखो माणसं येतात आणि तिथं पुस्तकांचे गाळे ओळीनं लागतात. शेतकरी, कॉलेजची पोरं, गावाकडच्या बायका पिशव्या भरभरून पुस्तकं नेतात. खेड्यातला माणूस पुस्तकावर पैसा खर्च करत नाही, हे मी शाळेत असताना कितीदा ऐकलं होतं. तिथल्या गर्दीत फिरल्यावर ते म्हणवत नाही. एक पोरगा मित्राच्या हातात पुस्तक देऊन ‘हे आधी वाच’ म्हणत होता, आणि मित्र खिशात हात घालत होता. पुस्तक एका विश्वासाच्या माणसाकडून दुसऱ्याकडे जातं, एवढंच त्यामागचं गणित.

मग मी गावातच सुरुवात केली. आईचं पुस्तक माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वडिलांना दाखवलं. त्यांचा जन्म वाशीमच्या त्याच दवाखान्यातला. मी भेट द्यायला निघाले, तर ते म्हणाले, ‘फुकट नको बाई, विकत घेतो.’ त्यांच्या या म्हणण्यानं माझा मोठा गैरसमज मोडला. ख्रिस्ती माणसानं फुकट दिलेलं पुस्तक घेणाऱ्याच्या मनात शंका येऊ शकते: हे मला का देतात, यांना काय हवं आहे? विकत घेतलेलं पुस्तक त्याच्या निवडीचं असतं. आवडलं नाही तर मिटून ठेवायला तो मोकळा, माझ्याशी वाद घालायलाही मोकळा. किंमत लावल्यानं माझ्या आणि माझ्या गावाच्या मध्ये कसलंही आमिष उरत नाही. जी भीती मला विक्रीपासून लांब ठेवत होती तिचं उत्तर विक्रीतच होतं.

या वाटेवर धोके आहेत, हे मी जाणून आहे. सगळ्यात मोठा धोका एकमेकांची पाठ थोपटत बसण्याचा. सी. एस. लुईस आणि जे. आर. आर. टोल्किन हे ऑक्सफर्डचे ख्रिस्ती लेखक एकमेकांना आपलं लिखाण वाचून दाखवत, आणि त्या मैत्रीचं ऋण टोल्किननी पुढे मोकळेपणी मान्य केलं. पण १९३७ साली टोल्किनच्या ‘द हॉबिट’चं परीक्षण लंडनच्या टाइम्स लिटररी सप्लिमेंटमध्ये लुईसनीच लिहिलं, आणि त्यावर नाव नव्हतं. तिथं तशीच पद्धत होती. परीक्षण मनापासूनचं होतं, यातही मला शंका नाही. तरी आम्ही चौघांनी ठरवलं आहे की एकमेकांच्या पुस्तकाबद्दल लिहिलं तर नावानिशी लिहू आणि आम्ही एकाच मंडळातले आहोत हेही लिहू.

आणखी काही गोष्टी ठरवल्या. उपासनेच्या व्यासपीठावरून कुणाचंही पुस्तक विकायचं नाही, कारण तिथं बसलेल्याला नाही म्हणता येत नाही. रुग्णाला विकायचं नाही. विद्यार्थ्याला शिक्षकानं विकायचं नाही. एकाच्या पुस्तकाचे पैसे दुसऱ्याच्या हातात राहतात, म्हणून ते मोजताना दोघं असतात. यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेला पैसा नेताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेली माणसं सोबत घेतली, कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून. करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात हे आहे. प्रेषिताला जे गरजेचं वाटलं ते आम्हाला नको कसं असेल?

आमची पुस्तकं हजारांनी खपत नाहीत. दिवाणाखालचा गठ्ठा कमी झाला आहे, संपलेला नाही. पण पूर्वी माझं पुस्तक ज्यांच्याकडे होतं त्यांनी ते ठेवलं होतं. आता ज्यांच्याकडे आहे त्यांनी ते मागून घेतलं आहे. आणि मी स्वतः आता दुसऱ्याचं पुस्तक वेगळं वाचते. महिनाअखेर तीन माणसांसमोर मला ‘वाचलं’ असं म्हणायचं असतं, त्यामुळे पानं चाळून चालत नाही.

मराठीत लिहिणाऱ्या माझ्या ख्रिस्ती भावाबहिणींना मला एवढंच सांगायचं आहे. दोन-तीन माणसं शोधा, जी तुम्हाला खरं सांगतील. पहिले दोन महिने काहीही विकू नका, फक्त एकमेकांचं वाचा. जे पटलं नाही ते तोंडावर बोला. मग ज्या पुस्तकाच्या पाठीशी उभं राहता येईल असं वाटतं ते पुस्तक, स्वतःचं असो वा दुसऱ्याचं, हातात घ्या आणि योग्य किंमत सांगून पुढे करा. वही ठेवा. ती वही दुसऱ्याला वाचू द्या. देव पुस्तक वाचकापर्यंत पोचवतो यावर माझा विश्वास आजही आहे. तो ते माणसांच्या हातांनी पोचवतो, आणि त्या हातांतले दोन माझेही आहेत.